तीन दिवाळ्या आणि एक पांढुरका चट्टा

थंडीत मुलांची त्वचा फुटते, त्यावर काय करावे, याबद्दल मागे याच पानावर लिहिले होते. साय, तीळतेल, डाळीचे पीठ, नेहमीचेच सगळे. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनीचे पत्र होते : "माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या कमरेखाली आणि मांडीवर पांढुरके डाग आहेत. दीड वर्ष झाले. खाजत नाहीत, दुखत नाहीत. सायीने जातील का?"

पत्र वाचले आणि हातातला चहा निवून गेला. कारण पाच वर्षांपूर्वी हेच उत्तर मी माझ्या धाकट्या जावेला दिले होते. "अगं, कोरडी पडलीय त्वचा. साय लाव, जाईल." वर थोरलेपणाचा आव आणून म्हटले, "आणि जंताचं औषध दे एकदा."

तेव्हा त्या भगिनीला पत्राने उत्तर पाठवलेच आहे. पण गोष्ट सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. जावेला विचारूनच लिहिते आहे. मुलीचे नाव मात्र नाही लिहीत. तिला आपण छकुली म्हणू.

आमच्या घरी नरकचतुर्दशीला सगळ्या मुलांना उटणे लावून न्हाऊ घालायचे काम माझ्याकडे. पहाटे बंबाचे कढत पाणी, न्हाणीत पणती, आणि पाटावर एकामागून एक कुडकुडणारी पोरे. छकुली तेव्हा सात वर्षांची होती. पाठीवर उटणे चोळताना कमरेच्या खाली दोन फिकट ठिपके दिसले, आठ आण्याच्या नाण्याएवढे. पणतीच्या उजेडात आणखी काय दिसणार! मी सायीचा सल्ला दिला आणि फराळाला लागले.

दुसऱ्या दिवाळीला ते पाच-सहा झाले होते. कमरेखाली, कुल्ल्यावर, एक मांडीच्या आतल्या बाजूला. मधल्या काळात जावेने तीन वेळा जंताची गोळी दिली, कॅल्शियमची बाटली संपवली. मग "गजकर्ण असेल" म्हणून औषधाच्या दुकानातून एक मलम आणले. दुकानदाराने न विचारता दिले, हिनेही न विचारता लावले. आठ दिवसांत डाग थोडे मावळल्यासारखे झाले. मलम थांबवले की पुन्हा हजर. असे वर्षभर चालले.

या मलमांबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्यापैकी निम्म्याजणींच्या फडताळात त्याची एखादी नळी नक्की असेल. गजकर्णाचे औषध, जंतुनाशक आणि वर स्टिरॉईड, अशी तिघांची खिचडी त्यात असते. स्टिरॉईड हे डॉक्टरने मोजून दिले तर उत्तम औषध आहे. पण मनाने महिनोन्महिने चोळले तर त्वचा पातळ होते, खरे गजकर्ण आतल्या आत पसरते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रोगाचा चेहराच बदलतो. पुढे डॉक्टर बघतो तेव्हा त्याला अर्धवट पुसलेली पाटी वाचावी लागते. कित्येक स्टिरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली केला. नियम आहे. नळ्याही मिळतात.

त्या वर्षी घरात एक शब्द कुजबुजला जाऊ लागला : कोड. सासूबाई तो शब्द उच्चारीत नसत. नुसत्या "पोरीची जात आहे" म्हणून उसासा टाकीत. भावजींनी सांगून टाकले, "बाहेर कुठं बोलायचं नाही." छकुलीला शाळेच्या कवायतीला लांब विजार घालून पाठवू लागले. डाग कपड्याआड होते ते देवाची कृपाच, असे तेव्हा आम्हाला वाटे. ते कपड्याआडच का आहेत, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नाही. आणि त्या प्रश्नातच अर्धे उत्तर होते.

तिसऱ्या दिवाळीला छकुली म्हणाली, "काकू, मी माझी आंघोळ करते." मुलगी नऊ वर्षांची झाली होती, बरोबरच होते तिचे. मी म्हटले, "पाठ तेवढी चोळू दे." त्या वेळी आंघोळीला उशीर झाला होता, उजाडले होते. न्हाणीच्या खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. आणि मला धस्स झाले. डाग मोजता येण्यापलीकडे गेले होते. काही एकमेकांत मिसळलेले, एकदोनांवर बारीक कोंडा, आणि मांडीवरच्या एकाला किंचित तांबूस झाक. कोड इतके फिकट-धुरकट नसते, एवढे मलासुद्धा कळले. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊ तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

आता मी काही डॉक्टर नव्हे. बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. पण त्या दिवशी डॉक्टरांनी एकेक शंका कशी बाजूला सारली ते समोर बसून पाहिले, आणि ते पाहण्यासारखे होते.

पहिली गोष्ट त्यांनी मुलीला खिडकीजवळ नेले. दिव्याच्या नव्हे, दिवसाच्या उजेडात पाहिले. तेही आम्ही दाखवले तेवढेच नव्हे, सगळे अंग. मग तिला डोळे मिटायला लावून कापसाची वात डागावर आणि डागाबाहेर फिरवली. "कुठं लागलं सांग." मग गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या. छकुलीने सगळे बरोबर ओळखले. हा तपास कुष्ठरोगासाठी. त्या चट्ट्यात बहुधा बधिरपणा असतो. जावेचा चेहरा पांढरा पडलेला पाहून डॉक्टर म्हणाले, "अहो, कुष्ठरोग असता तरी घाबरायचं कारण नव्हतं. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने नाहीतर वर्षभर घ्यायच्या, माणूस बरा होतो." आपल्या भागात फिकट चट्टा दिसला की हा तपास आधी करतात, आणि केलाच पाहिजे.

मग खोलीत अंधार करून एक जांभळट उजेडाचा दिवा डागांवर धरला. कोड असते तर डाग खडूसारखे लख्ख पांढरे चमकले असते. हे चमकले नाहीत. म्हणजे रंग पार गेलेला नव्हता, कमी झालेला होता. वरचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी नव्हती, म्हणजे शिबं नाही, गजकर्ण नाही. गालावर येतात ते फिकट कोरडे डाग, ज्यांना आपण जंताचे डाग म्हणतो (त्यांचा जंतांशी फारसा संबंध नसतो, हेही तेव्हाच कळले), ते बहुधा चेहऱ्यावर, दंडावर असतात आणि काही महिन्यांनी आपोआप जातात. हिचे तीन वर्षे गेले नव्हते आणि चेहऱ्यावर एकही नव्हता.

डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला एक बारीक तुकडा काढून तपासायचाय."

घरी येऊन सांगितले तर महाभारत झाले. "पोरीच्या अंगाला सुरी?" हे सासूबाईंचे. "तुकडा काढला की रोग पसरतो म्हणतात," हे भावजींचे, आणि ते शिकलेले आहेत! मैत्रिणींनो, हा समज कितीतरी घरांत आहे. त्वचेचा असा तुकडा तपासायला घेतल्याने हा रोग पसरत नाही. उलट तुकडा न काढता जे औषध चालते ते अंधारात दगड मारण्यासारखे. डाग बधिर करण्याचे इंजेक्शन देतात ते टोचते, तेवढेच दुखणे. मग एक गोल पोकळ धारेचे हत्यार फिरवून ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा तुकडा काढतात, एखाददुसरा टाका घालतात. छकुलीला इंजेक्शनला रडू आले. नंतर बाहेर उसाचा रस मागितला.

आणि एवढे करून अहवाल काय आला? "जुनाट त्वचादाह." म्हणजे साधे इसबासारखे काहीतरी.

जाऊ आनंदाने रडली. सासूबाईंनी सिद्धेश्वराला नारळ फोडला. डॉक्टरांचे मात्र समाधान झाले नाही, आणि इथे त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्यांनी विचारले, "मलम कधीपर्यंत लावत होता?" जाऊ चाचरत म्हणाली, "तुमच्याकडं यायच्या चार दिवस आधीपर्यंत." ते म्हणाले, "महिनाभर काही लावू नका. मग दोन ठिकाणचे तुकडे पुन्हा घेऊ."

त्यांना शंका होती ती त्वचेच्या लिम्फोमाची. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात, शरीराच्या राखणदार. त्यातल्या काही त्वचेतच गस्त घालतात. त्यांच्यातल्या एका पेशीचे कुळ बेसुमार वाढू लागले की तो त्वचेचा लिम्फोमा. म्हणजे हो, तो कर्करोगाच्या वर्गातला रोग आहे. सहसा पन्नाशी-साठीतल्या माणसांना होतो, मुलांना फार क्वचित. म्हणूनच मुलांच्या बाबतीत तो कोणाच्या डोक्यात येत नाही आणि ओळखायला वर्षे जातात. मोठ्यांत तांबडे चट्टे येतात. मुलांत, आणि त्यातही आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर, तो पुष्कळदा नुसत्या फिकट डागांच्या रूपाने येतो. आणि येतो तो कुठे? कुल्ल्यावर, कमरेवर, मांड्यांवर, काखेजवळ : जिथे ऊन पोचत नाही तिथे. आमचे "देवाची कृपा" ते हे.

त्याचे नावही गमतीचे आहे. पॅरिसच्या आलिबेर नावाच्या डॉक्टरने १८०६ साली एका रोग्याचे वर्णन केले. त्याच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसत होत्या. म्हणून पुढे नाव पडले मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे बुरशीसारखा रोग. बुरशीचा त्यात काडीचा संबंध नाही, पण दोनशे वर्षे नाव तेच चालत आले. कागदावर हे नाव वाचून कोणी पुन्हा गजकर्णाचे मलम आणू नये, एवढ्यासाठी सांगितले.

पहिल्या तुकड्यात तो का दिसला नाही? याचे उत्तर मला पुढे मुंबईच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले. सुरुवातीला या बिघडलेल्या पेशी दिसायला साध्या इसबातल्या पेशींसारख्याच असतात. फरक त्यांच्या बसण्यात. त्या त्वचेच्या अगदी वरच्या थरात शिरतात आणि त्या थराच्या तळाशी पंगतीला बसल्यासारख्या ओळीने बसतात. वरून स्टिरॉईड चोळलेले असले की पंगत उठून जाते. काचेवर काही दिसत नाही. शिवाय सगळ्याच डागांत पंगत सारखी भरलेली नसते. म्हणून मलम थांबवून, वेगवेगळ्या जागचे, आणि वेळ पडली तर काही महिन्यांनी पुन्हा, असे तुकडे घ्यावे लागतात. एकदा "काही नाही" आले म्हणजे सुटलो, असे नव्हे.

दुसऱ्या वेळी अहवालात संशय स्पष्ट लिहून आला. डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले. जाताना एक गोष्ट बजावली, ती तुम्हीही लक्षात ठेवा : नुसता अहवालाचा कागद नेऊ नका. प्रयोगशाळेत तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपलेला असतो, तो ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात त्याच ठोकळ्याचे नवे पापुद्रे कापून वेगळे रंग देऊन पाहतात. पेशी कोणत्या जातीच्या, त्या सगळ्या एकाच कुळातल्या आहेत का, हे तपासतात. ठोकळा नसला तर लेकराला पुन्हा टोचावे लागण्याची पाळी येते. आमच्या डब्यातल्या एका बाईंवर तशी पाळी आली होती.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो. मी, जाऊ, भावजी, छकुली, आणि डब्यात शेंगांची चटणी न् कडक भाकरी. जाऊ रात्रभर बसून होती. पहाटे म्हणाली, "अक्का, मी तीन वर्षं मलम चोळत बसले." मी काय बोलणार? साय मीच सांगितली होती.

टाटाचे नाव काढले की आपल्याकडे माणसे आवाज खाली करतात. १९४१ पासून चालू असलेले हे रुग्णालय. तिथल्या ओळी, गर्दी, तासन्‌तास बसणे हे सगळे खरे. पण लहान मुलांच्या आयांची तिथे आपसात जी ओळख होते, कोण कुठली, काय झाले, डबा घेता का, तीही मी तिथेच पाहिली. तपासण्या झाल्या. रक्त, पोटाची सोनोग्राफी, काखेतल्या-जांघेतल्या गाठी हाताने चाचपणे. रोग त्वचेपुरताच होता, आत कुठे नव्हता.

डॉक्टरबाईंनी जावेला समोर बसवले. "नाव कर्करोगाचं आहे म्हणून तुम्ही रडताय. पण हा प्रकार अतिशय सावकाश चालतो. मुलांचं पुढं चांगलं होतं. सुया, सलाईन, केस जाणं, हिला यातलं काही लागणार नाही." उपचार काय, तर उजेड! एका विशिष्ट लहरीच्या अतिनील प्रकाशाच्या कपाटात उभे राहायचे, डोळ्यांना चष्मा लावून, आठवड्यातून दोन-तीनदा, पहिल्यांदा काही सेकंद, मग हळूहळू वाढवत, कित्येक महिने. काही डागांवर मलम. हो, स्टिरॉईडच, पण मोजून. सोलापूरचे ऊन मे महिन्यात माणूस भाजून काढते, तर म्हणून सासूबाईंनी विचारले, "गच्चीवर बसवलं तर नाही का चालणार?" नाही चालत. उन्हात मोजमाप नाही. भाजेल तेवढे खरे. यंत्रात हवी ती लहर हवी तेवढीच मिळते. ही यंत्रे आता मुंबईतच आहेत असे नाही. त्यामुळे छकुलीचा पुढचा उपचार घरी राहून, शाळा सांभाळून झाला.

त्वचेच्या लिम्फोमाचे आणखीही प्रकार मुलांत क्वचित दिसतात, आणि त्यांतले काही असे सावकाश चालणारे नसतात. मांड्या-दंडांत कातडीखाली टणक गाठी, त्यासोबत दिवसेंदिवस ताप आणि वजन घटणे. किंवा उन्हात गेले की तोंडावर फोड, सूज, ताप आणि मागे खोल व्रण. असे असेल तर दिवाळीची वाट बघायची नाही. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांकडे.

आता हे वाचून प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला घाबरू नका, मैत्रिणींनो. मुलांच्या अंगावरचे बहुतेक सगळे फिकट डाग साधेच असतात. गालावरचे तर बहुधा. पण झाकलेल्या अंगावर असेल, चारसहा महिन्यांत जात नसेल, वाढत असेल, मलमाने जाऊन-येऊन असेल, तर ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटल आहे. तिथल्या त्वचाविभागात कापूस, दिवा, काच हा सगळा तपास होतो. मुले आठनऊ वर्षांची झाली की स्वतः आंघोळ करतात आणि आपल्याला त्यांची पाठ दिसेनाशी होते. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, त्यांना विचारून पाहावी. काही असले तर फोनवर फोटो काढून ठेवा. त्याच जागी, त्याच उजेडात, शेजारी पट्टी धरून. "वाढलंय असं वाटतं" यापेक्षा दोन फोटो डॉक्टरांना जास्त सांगतात.

हे असे लिहिण्याने काय होणार, असे मलाही कधी वाटते. मग बार्शीची आठवण होते. आपल्याच जिल्ह्यातली बार्शी. तिथे १९८७ साली खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, ग्रामीण भागातली देशातली पहिली. नोंद करणारे लोक दवाखान्यात रोगी यायची वाट बघत बसले नाहीत. गावोगाव जाऊन, बायाबापड्यांना गोळा करून, कुठली लक्षणे दिसली तर यायचे ते सांगत राहिले. काही वर्षांनी पाहिले तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका तिथे पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासायला येऊ लागल्या होत्या. नुसत्या सांगण्याने. तो रोग वेगळा, पण लपवण्याची आपली खोड तीच.

छकुलीचे डाग वर्षभरात भरून आले, रंग परतला. गेल्या उन्हाळ्यात मांडीवर एक पुन्हा उमटला. तसा तो उमटतो, असे आधीच सांगितले होते. पुन्हा काही महिने उजेड घेतला. तिने स्वतःच तो पाहिला आणि स्वतःच आईला दाखवला. कवायतीची लांब विजार तिने केव्हाच फेकली. सासूबाई आता आल्यागेल्याला सांगतात, "कोड नव्हतं हो ते!" लिम्फोमा हा शब्द त्यांना उच्चारता येत नाही, पण कोड नव्हते, एवढ्यावर त्या खूष आहेत. मी त्यांना कोडही काही पाप नव्हे म्हणून समजावते आहे. ते काम अजून चालू आहे.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींचे काल उत्तर आले. त्या मुलाला घेऊन सोमवारी दाखवायला जाणार आहेत. मलम बंद केले आहे.